पुसायचं नाही, रेघ मारायची

गॅरेट हॉस्टेल पुलावरून उतरणाऱ्या सायकली कुणाचं ऐकत नाहीत, हे अक्षयाला केंब्रिजला आल्यापासून पुरेपूर ठाऊक होतं. तरी त्या दिवशी ती पुलाच्या अगदी मधोमध उभी होती. २००४चा मार्च महिना. तिथला तो बारीक, चिकट पाऊस… छत्री उघडावी तर लाज वाटते, न उघडावी तर केसांची वाट लागते. खाली पाणी करडं, वर आभाळ करडं, आणि मध्ये ही नागपूरची मुलगी पिवळा रेनकोट घालून कुठे बघत होती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

घंटी वाजली. ती डावीकडे सरकली. सायकलही डावीकडे आली. ती उजवीकडे गेली — सायकलही उजवीकडे! मग ब्रेक किंचाळले, "सॉरी सॉरी सॉरी" असा एक लांबलचक पुकारा झाला आणि सायकलवाला कठड्याला जाऊन टेकला. त्याच्या पुढच्या टोपलीतले कागद मात्र थांबले नाहीत. ते पुलभर पसरले.

"अगं आई गं!" अक्षयाच्या तोंडून निघून गेलं.

सायकलवाल्यानं मान वर केली. ओले कुरळे केस, नाकाच्या शेंड्यावर पावसाचा थेंब.

"तू… मराठी आहे?" त्यानं विचारलं. "तुला लागली का?"

"नाही लागलं."

"गुड. मला लागली, थोडी." कोपर चोळत तो हसला. "पण इट्स फाइन."

अक्षयालाही हसू आलं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

दोघं वाकून कागद गोळा करू लागले. लहान मुलांची अक्षरं, काही उड्या मारणारी, काही रांगणारी. प्रत्येक कागदावर चुका होत्या, आणि प्रत्येक चुकीवर एकच सरळ रेघ. पुसलेलं कुठेच काही नाही.

"ही मुलं खोडरबर वापरत नाहीत का रे?"

"माझ्या क्लासमध्ये रबर बॅन आहे," तो ऐटीत म्हणाला. "पुसायचं नाही. एक रेघ मारायची आणि पुढे जायचं. मला चूक दिसली पाहिजे ना. नाहीतर मला कसा कळणार, ते कुठून कुठे गेले?"

अक्षयाला नागपूरच्या शाळेतल्या बाई आठवल्या. खाडाखोड दिसली की त्या टापटिपीचे मार्क कापायच्या. अक्षयाचे कधीच कापले गेले नव्हते.

"देव रांगणेकर," तो म्हणाला. "इयर थ्रीला शिकवतो. सात वर्षांचे राक्षस. आई-बाबा ब्रिस्टलला असतात. मी पण तिथलीच."

"तिथलाच."

"तिथलाच. थँक्स."

चूक दाखवली तर हा माणूस चक्क आभार मानतो! अक्षयानं त्याच्याकडे जरा नीट पाहिलं. पाहण्यासारखा होता, हेही तिथेच कळलं.

"मी अक्षया देशकर. प्रोटीन्सवर काम करते, लॅबमध्ये."

"ओह! डॉक्टर?"

"हो," अक्षया म्हणाली.

हे "हो" तिनं त्या आठवड्यात दुसऱ्यांदा म्हटलं होतं. पहिलं बाबांना.

तिची पीएचडीची तोंडी परीक्षा मंगळवारी झाली होती. परीक्षक अगदी प्रेमानं म्हणाले होते, की प्रबंध असा चालणार नाही. वर्षभरात पुन्हा लिहून आणा. म्हणजे नापास नव्हे, पण पासही नव्हे. ज्या मुलीचा फोटो बोर्डाच्या निकालाच्या दिवशी पेपरात छापून आला होता, तिच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच. बाहेर येऊन तिनं फोनकार्ड घेतलं, नाण्यानं खरवडलं, आणि धरमपेठेतल्या घरी फोन लावला.

"बाबा…"

"पेढे वाटून झाले!" पलीकडून रघुवीर देशकरांचा आवाज दुमदुमला. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून त्यांना मुलीखेरीज दुसरं काही काम नव्हतं.

"बाबा, ऐका ना जरा…"

"सकाळीच वाटले गं! निकालाची वाट काहून पाहायची? माझी बेटी कधी नापास झाली आहे का? आणि फाटकावरच्या पाटीवर 'डॉ.' पण रंगवून घेतलं! पेंटर आत्ताच गेला. झालं ना सगळं बरोबर?"

पेढे तर गल्लीच्या पोटात गेले होते. ते परत कसे मागणार?

"हो, बाबा," ती म्हणाली.

तेव्हापासून तिनं लॅबचं तोंड पाहिलं नव्हतं. पुन्हा लिहायचं, की गाशा गुंडाळून घरी जायचं, ते उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत सांगते, असं तिनं गाइडला कळवलं होतं. मनातून तिचं ठरत आलं होतं. घरी जायचं, पाटीवरच्या त्या 'डॉ.'खाली मान घालून फाटक उघडायचं, आणि बाबा म्हणतील त्या स्थळाला होकार द्यायचा.

* * *

"शुक्रवारी माझ्या क्लासमध्ये येशील?" शेवटचा ओला कागद टोपलीत कोंबत देवनं विचारलं होतं. दर शुक्रवारी दुपारी त्याच्या वर्गात एक मोठं माणूस यायचं आणि आपल्याला जे येत नाही ते मुलांसमोर करून बघायचं. शाळेसमोर हातात गोल पाटी धरून रस्ता ओलांडून देणारे लॉलीपॉपवाले आजोबा येऊन विणकाम करून गेले होते. हेडमिस्ट्रेस बाईंनी तीन संत्री हवेत झेलायचा प्रयत्न केला होता, त्यातलं एक अजून कपाटामागे होतं.

अक्षयानं सगळं नीट ऐकून घेतलं. आणि घरी जाऊन तिनं काय करावं? प्रोजेक्टरवर लावायच्या पारदर्शक शीट्स बनवल्या, रंगीत पेनांनी आकृत्या काढल्या आणि भाषण पाठ केलं. न येणारी गोष्ट चारचौघांत करायची, हे तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं. हुशार मुलींचं हे असंच असतं. फजितीचं आमंत्रण आलं तरी त्या तयारी करून जातात.

भाषण देखणं झालं. मुलं शहाण्यासारखी बसली, दोघातिघांनी तर डोळेही उघडे ठेवले. पुढच्या रांगेत ईशिता नावाची मुलगी होती. आई-वडील पुण्याचे, जन्म इथला, दोन वेण्या, समोरचा एक दात पडलेला. अक्षयाच्या एकुलत्या एका प्रश्नाचं उत्तर तिनं फटकन दिलं.

"अगं, किती हुशार आहेस तू!" अक्षया मराठीतच म्हणाली. ईशिता लाजून लाल झाली. मागे उभ्या असलेल्या देवच्या भुवया मात्र वर गेल्या.

शेवटी ईशितानंच हात वर केला. तुमचं कधी काही चुकलं आहे का, तिनं विचारलं.

"नाही," अक्षया म्हणाली. "मी नेहमी पहिली यायची."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. ईशिता तिच्याकडे देव्हाऱ्यातल्या मूर्तीकडे बघावं तशी बघत राहिली.

"कसं झालं?" नंतर कॉरिडॉरमध्ये चहाचा मग हातात घेत अक्षयानं विचारलं.

"ब्रिलियंट," देव म्हणाला. "आणि टोटली चुकीचं."

"म्हणजे?"

"तो वर्ड. हुशार. मी तो वापरत नाही." तो शब्द शोधत थांबला. "बघ, मुलाला म्हटलं 'तू हुशार', की तो… तो वर्ड सांभाळत बसतो. मग अवघड सम, गणितातली, आली की हातच लावत नाही. नाही जमली तर? वर्ड जाईल ना."

"मग काय म्हणायचं?"

"म्हणायचं, हे कसं केलं, मला दाखव. म्हणायचं, काल जमली नव्हती, आज अर्धी जमली."

अक्षयाला राग आला. इतका आला, की चहा अर्धा टाकून ती निघाली. रस्त्याच्या वळणावर तिच्या लक्षात आलं, की हा राग त्याच्यावरचा नाही. आयुष्यभर ती तेच तर करत आली होती. तो शब्द सांभाळत बसली होती.

मागून सायकलची घंटी वाजली.

"तुझी सायकल कुठे आहे? मी पण त्याच साइडला जातो."

"मी चालते."

"केंब्रिजमध्ये? का?"

"व्यायाम."

"रोज?"

"हो, रोज!"

देव सायकलवरून उतरला. डोकं तिरकं करून त्यानं तिच्याकडे बघितलं आणि हसू दाबत हळूच विचारलं, "येत नाही?"

आणि कुणाला कधी सांगितलं नव्हतं ते अक्षयानं त्याला सांगून टाकलं. लहानपणी बाबा सीट धरून मागे पळायचे. एक दिवस त्यांनी न सांगता सोडलं, आणि ती सरळ कोपऱ्यावरच्या पानठेल्यात घुसली. पोरं हसली. बाबांनी सायकल माळ्यावर टाकली आणि म्हणाले, "आपल्याला काय करायचं आहे सायकल घेऊन? तू अभ्यासात हुशार आहेस ना!" तेव्हापासून तिनं सायकलीला हात लावला नव्हता.

"कुणाला सांगशील तर बघ."

"नाही सांगत," देव म्हणाला. "पण… इट्स अ परफेक्ट फ्रायडे."

"देव!"

"ओके, ओके."

त्या संध्याकाळी तो तिच्या घरापर्यंत चालत आला. हातात चांगली धडधाकट सायकल असताना, ती ढकलत. दुसऱ्या दिवशीही आला. मग ती रोजचीच गोष्ट झाली.

ते दिवस आठवले की अक्षयाला आजही आधी वासच आठवतो, कागदात गुंडाळलेल्या गरम चिप्सचा आणि त्यावरच्या व्हिनेगरचा. जीझस ग्रीनवरची डॅफोडिल्स, मिडसमर कॉमनवर मोकळ्या चरणाऱ्या गायी. "केंब्रिजमध्ये मोकाट गुरं! अगदी आमच्या नागपुरासारखं," असं ती म्हणाली, तेव्हा देव किती वेळ हसत होता! मिल रोडवरच्या दुकानात मेथीची जुडी मिळाली म्हणून दोघं केवढी आनंदली, आणि मग ती निवडत बसायला नको म्हणून शेवटी पिझ्झाच कसा खाल्ला! खिशातले फोन तेव्हा फक्त फोन होते. एखाद्याची वाट पाहायची तर खरोखर रस्त्याकडे डोळे लावून पाहावी लागायची. ती पाहायची. आणि टिक-टिक-टिक असा त्याच्या मोकळ्या चाकाचा आवाज आला की तिचा जीव भांड्यात पडायचा.

फक्त तो तिला चिडवायला "डॉक्टर" म्हणायचा, तेव्हा तिला खाली बघावं लागायचं.

* * *

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी चाकाची टिकटिक नेहमीपेक्षा हळू आली. देवचा चेहरा उतरला होता.

"ईशिता," तो म्हणाला. "आज भागाकार होता. एक सम चुकली. तिनं रेघ नाही मारली. पानच फाडलं, आणि टेबलच्या खाली जाऊन बसली. दोन वीक्स झाले, नवीन काही ट्रायच करत नाही. मी विचारलं, का? तर म्हणते…" तो थांबला.

"काय म्हणते?"

"म्हणते, डॉक्टर अक्षया कधीच चुकत नाही."

नदीकाठी एक बाक होता. अक्षया त्यावर बसली. समोरून बदकांची एक जोडी गेली, मग कुणी पावसात भिजत वल्ही मारत गेलं. त्यानं तिला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

"मी डॉक्टर नाही, देव."

देवनं सायकल बाकाला टेकवली.

"परीक्षा झाली, पण… जमलं नाही. परत लिहायला सांगितलंय. मी कुणालाच सांगितलं नाही. बाबांनी पेढे वाटले. पाटी रंगवली. मी सोडून देणार आहे सगळं. जुलैमध्ये घरी जाणार आहे." बोलता बोलता तिचा आवाज फुटला. "आणि त्या पोरीला मी काय शिकवून आले बघ!"

आता हा म्हणेल, जाऊ दे, होतं असं. म्हणेल, तू तर किती हुशार आहेस, तुला काय अवघड! ती दोन्हीसाठी मनाची तयारी करून बसली.

"काय चुकलं?" देवनं विचारलं.

"अं?"

"थीसिसमध्ये. नक्की काय चुकलं? मला दाखव ना."

हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. तिनं स्वतःलाही नाही. ती अडखळत सांगू लागली. प्रोटीनचे स्फटिक वाढवायचे असतात, साखरेच्या खड्यांसारखे. शंभर बशांत घालावेत तेव्हा एखाद्या बशीत धरतात. तिनं प्रबंधात फक्त धरलेले दाखवले होते, सुंदर, चकचकीत. आणि परीक्षकांनी विचारलं होतं, जे धरले नाहीत ते कुठे आहेत? ते का धरले नाहीत?

"आणि ते कुठे आहेत?"

"ते… मी घेतलेच नाहीत. दिसायला वाईट दिसत होते."

ती बोलायची थांबली. देवला स्फटिकांतलं ओ की ठो कळलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण तो सगळं ऐकत मात्र होता, सात वर्षांच्या पोराची गोष्ट ऐकावी तसा, हनुवटी हातावर टेकवून, पावसात.

"मी सगळं पुसलं रे," अक्षया म्हणाली.

आणि तिथेच, त्या ओल्या बाकावर, ती त्याच्या प्रेमात पडली. आधी पडली नव्हती का? पडली असेलच. पण स्वतःशी कबूल केलं ते त्या संध्याकाळी. तिच्या मार्कांवर जीव टाकणारे तिला खूप भेटले होते, चुकीत रस घेणारा हा पहिलाच.

"शुक्रवारी तुझ्याकडे कुणी येणार आहे का?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"नाही. का?"

"सायकल आण. बायकांची. आणि एक वचन दे. सांगितल्याशिवाय सोडायचं नाही."

"प्रॉमिस," देव म्हणाला. "कधीच नाही."

* * *

शाळेच्या पटांगणावर मुलं रांगेत बसली होती. शाळेत जेवण वाढणाऱ्या बाईंची टोपलीवाली सायकल मधोमध उभी होती. अक्षयानं तिचं हँडल घट्ट धरलं. एवढी तर ती परीक्षकांसमोरही घाबरली नव्हती.

"मी त्या दिवशी तुम्हाला खोटं सांगितलं," तिनं सुरुवात केली. "मी अजून डॉक्टर नाही. मी एका मोठ्या परीक्षेला बसले आणि मला जमलं नाही."

ईशिताचा हात सगळ्यांत आधी वर गेला. "तुम्ही रडलात?"

"हो. खूप."

"मग परत ट्राय करायला देणार?"

"देणार. वर्षभर वेळ दिलाय."

"होल इयर?" ईशिताचे डोळे विस्फारले. "आम्हाला तर फक्त फ्रायडेपर्यंत देतात!"

हसू उसळलं, आणि त्याच हशात अक्षया सायकलवर बसली. देवनं मागून सीट धरली. त्या दिवशी ती कुंपणाच्या झुडपात गेली. पुढच्या शुक्रवारी कचऱ्याच्या डब्यावर. त्याच्या पुढच्या शुक्रवारी देववरच. मुलांना एवढा आनंद हेडमिस्ट्रेस बाईंच्या संत्र्यांनीही दिला नव्हता. "अगेन!" सगळा वर्ग ओरडायचा. कुणी म्हणायचं हळू, कुणी म्हणायचं जोरात. सगळ्यांत कडक मास्तरीण ईशिता. "अक्षयामावशी, चाकाकडे नको बघू," ती कमरेवर हात ठेवून बजावायची. "चाक ठीक आहे. समोर बघ."

आणि कानाशी देवचा आवाज. "सोडू?"

"नको!"

"ओके. नाही सोडत."

आठवडाभर त्या दोन शब्दांवर ती जगायची.

दिवसा ती लॅबमध्ये जाऊ लागली. फेकून द्यायचे राहिलेले ते न धरलेले स्फटिक तिनं कपाटातून बाहेर काढले आणि एकेक भिंगाखाली घेतला. का धरला नाहीस रे बाबा? काय कमी पडलं? मजा म्हणजे ते काहीतरी सांगत होते. तिनं आजवर ऐकलंच नव्हतं एवढंच.

सुट्टीआधीचा शेवटचा शुक्रवार उजाडला. ऊन होतं, तिथल्या मानानं अगदी चक्क ऊन.

"सोडू?" देवनं विचारलं.

अक्षयानं समोर बघितलं. चाक ठीक होतं.

"सोड."

तिनं पटांगणाला पूर्ण चक्कर मारली. मुलांचा कल्ला गगनाला भिडला. फक्त थांबायचं कसं, ते शिकायचं राहून गेलं होतं. देव धावत पुढे आला, हात पसरून उभा राहिला, आणि ती सायकलसकट त्याच्या अंगावर थांबली. त्याच्या शर्टाला खडूचा आणि उन्हाचा वास येत होता.

"सर, तुमची टर्न कधी?" कुणीतरी ओरडलं. "तुम्हाला काय येत नाही?"

देव कानापर्यंत लाल झाला.

निघताना ईशितानं अक्षयाच्या हातात एक कागद दिला. भागाकार. तीन ठिकाणी रेघा आणि चौथ्या ठिकाणी उत्तर. "बघ," ती बोट ठेवत म्हणाली, "इथून इथे गेले."

* * *

बाजारचौकातल्या लाल फोनबूथमध्ये अक्षया उभी होती. बाहेर देव स्वतःची आणि अक्षयानं नुकतीच घेतलेली अशा दोन्ही सायकली धरून, पाठ करून उभा होता, तिला मोकळेपणी बोलता यावं म्हणून.

"बाबा, मी तुम्हाला खोटं सांगितलं." आणि थांबायच्या आत तिनं सगळं सांगून टाकलं. परीक्षा, पेढे, पुन्हा लिहायचं आहे ते, घाबरले होते ते. "आणि बाबा, मला सायकल यायला लागली."



"सायकल?" बाबांचा आवाज बदलला होता. "बेटा, तेव्हा मी न सांगता सोडली होती. माहीत आहे ना तुला? मला वाटलं, सांगितलं तर घाबरशील. तू पडलीस, आणि मलाच हिंमत झाली नाही पुन्हा. म्हणून टाकली माळ्यावर. तुझं नाव पुढे केलं."

"बाबा…"

"परीक्षा पुन्हा दे. घरी कशाला येतेस? स्थळं काय पळून चालली आहेत का?" त्यांनी घसा खाकरला. "त्या पाटीचं काय करू? पेंटरला बोलावून पुसून घेऊ?"

अक्षयानं काचेतून बाहेर बघितलं. देवची पाठ, कुरळे केस, दोन सायकली.

"पुसू नका, बाबा. नुसती एक रेघ मारा."

"लोक विचारतील गं."

"सांगा त्यांना."

ती बाहेर आली तेव्हा डोळे ओले होते आणि चेहरा हसरा. सायकल तिच्या हातात देताना देवनं ती सोडली मात्र नाही. दोघांचे हात एकाच हँडलवर राहिले.

"मुलं विचारत होती ना," तो म्हणाला, "मला काय येत नाही. एक गोष्ट आहे. इंग्लिशमध्ये इझी आहे. लोक फोन ठेवताना पण म्हणून टाकतात. मला मराठीत सांगायची आहे… म्हणजे तुला. म्हणजे… मला तू फार… नाही, थांब." त्यानं हवेत बोटानं एक सरळ रेघ मारली. "मी तुझी… नो." आणखी एक रेघ. मग त्यानं खोल श्वास घेतला आणि एकेक शब्द जपून खाली ठेवावा तसा म्हणाला, "माझं तुझ्यावर प्रेम आहे."

चौकातल्या घड्याळात टोले पडत होते. कुणीतरी फुलांची बादली उचलून नेत होतं.

"पुन्हा सांग," अक्षया म्हणाली.

"का? चुकलं?"

"नाही रे… पुन्हा ऐकायचंय."

* * *

पुढच्या वर्षी परीक्षा झाली. या वेळी परीक्षकांनी सगळ्यांत जास्त वेळ घालवला तो न धरलेल्या स्फटिकांच्या प्रकरणावर. अक्षयानं घरी फोन केला तेव्हा बाबांनी विचारलं, "कागद हातात आहे? वाचून दाखव आधी!" तिनं अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. मग गल्लीत संत्रा बर्फी वाटली गेली. पेढे मागच्या परीक्षेचे झाले, असं बाबांचं म्हणणं.

त्या हिवाळ्यात ती नागपूरला आली, आणि तिच्याबरोबर "माझा मित्र, शाळेत शिकवतो" असा देवही आला. रिक्षातून उतरून तो फाटकाशीच थबकला. लाकडी पाटी उन्हानं विटली होती. वर बाबांचं नाव, खाली अक्षयाचं. त्याआधीच्या 'डॉ.'वर पांढऱ्या रंगाची एक रेघ, हातानं मारलेली, जराशी वाकडी. आणि त्या रेघेच्या डोक्यावर, ताज्या रंगात, पुन्हा एक 'डॉ.'.

"पेंटर म्हणत होता, नवीन पाटी करून देतो," बाबा फाटक उघडत म्हणाले. "मी म्हटलं, नको. लोकांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं, आता ती पाटीच सांगते. गल्लीतलं एखादं पोरगं नापास झालं की त्याची आई त्याला इथे आणून उभं करते, माहीत आहे?"

देवनं वाकून बाबांना नमस्कार केला.

संध्याकाळी बाबांनी शेजारून एक सायकल मागून आणली. "चल, दाखव," ते म्हणाले, आणि अक्षया बसताच त्यांनी मागून सीट धरली. सत्तरीला टेकलेला माणूस, पायात चपला, धापा टाकत मागे पळू लागला.

"बाबा, मला येते आता! धरायची गरज नाही!"

"गप्प बस. समोर पाहा." मग दोन श्वास घेऊन, मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "सोडू का गं?"

अक्षयाच्या डोळ्यांसमोरचा रस्ता धूसर झाला.

"सोडा, बाबा."

कोपऱ्यावरच्या पानठेल्याला वळसा घालून ती परत आली. थांबायचं कसं, ते ती केव्हाच शिकली होती. पण देव सवयीनं हात पसरून रस्त्यात उभा होता, आणि तिनं ब्रेक दाबलाच नाही. भर गल्लीत ती सायकलसकट त्याच्या अंगावर थांबली.

बाबांनी दोघांकडे पाहिलं. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा पाहिलं.

"काय गं," ते म्हणाले, "याचे पेढे आत्ताच वाटू, की आधी कागद दाखवणार आहात?"

अक्षयानं देवकडे बघितलं. देवनं मान डोलावली.

"वाटा, बाबा," ती म्हणाली. "आत्ताच वाटा."